बिळावरचा राजशिक्का

एक जंगल होतं. जंगल म्हटलं की राजा आलाच, तसा तिथेही होता. दुर्जयसिंह त्याचं नाव. राजाला प्रजा होती, प्रजेला पोट होतं आणि राजालाही पोट होतं. राजाच्या पोटात प्रजा जायची. ही पद्धत फार जुनी होती आणि तिच्याबद्दल कधी तक्रार आली नव्हती, कारण ज्यांनी तक्रार करायची ते तोवर शिल्लक नसायचे.

त्या जंगलात लिहितावाचता कोणालाच येत नव्हतं. तुम्हाला हसू येईल, पण त्यांचं काही अडत नव्हतं. सगळा कारभार वासावर चालायचा. बिळाच्या तोंडाशी ज्याचा वास, त्याचं बीळ. नीलगाईच्या लेंड्यांचा ढीग जिथे संपला तिथे तिची हद्द संपली. भांडण झालंच तर दोघांनी हुंगायचं आणि मुकाट्यानं घरी जायचं. वकील नव्हते, त्यामुळे निकाल लागायचे.

एक वास मात्र वेगळा होता. सिंहाचा. पिल्लांचे डोळे उघडायच्या आधी प्रत्येक आई त्यांना एवढंच शिकवायची, की हा वास आला की तोंडातला घास टाकायचा आणि आत पळायचं. जंगलातलं सगळं शिक्षण ते एवढंच. त्यात जे नापास झाले त्यांना पुन्हा बसता येत नसे.

ओढ्याच्या काठाला लाल मातीच्या दरडीत भिवराचं बीळ होतं. भिवरा जातीनं साळिंदर. साळिंदरांचा दिवस रात्री उजाडतो आणि भर दुपारी त्यांना गाढ झोप लागते, म्हणून हे पळायचं शिक्षण त्यांच्यात जरा जास्तच कडक. बीळ खणायला सुरुवात केली ती तिच्या सासऱ्यांनी, पण त्याला घरपण आणलं भिवरानं. पुढचं तोंड ओढ्याकडे होतं. मागचं तोंड तिनं स्वतः खणलं होतं, थेट करवंदीच्या जाळीत निघणारं. नवरा कोंडाजी त्या वेळी म्हणालाही होता, की कशाला उगीच नखं झिजवतेस. पुढे एका दुपारी ओढ्यावर वास आला आणि कोंडाजी त्याच मागच्या तोंडानं सगळ्यात आधी बाहेर पडला. तेव्हापासून तो त्या विषयावर बोलत नसे. त्यांना सदू आणि यमी अशी दोन पिल्लं होती. भिवराचा जीव त्या दोन पिल्लांत होता आणि त्या मागच्या तोंडात होता.

त्या वर्षी पाऊस रुसला आणि कंद लागले नाहीत. राजाच्या कोठारात मात्र कंद भरपूर होते. सिंह कंद खात नाही, त्याचा खजिनदार हणगोजी तरस कंद खात नाही, तरी दर हंगामाला प्रजेच्या कंदांतला राजभाग कोठारात जायचा. कोठार रिकामं असलं की राज्य असल्यासारखं वाटत नाही म्हणतात. कोठारावर रानडुकरांचा पहारा होता. रानडुकरं फार निष्ठावान होती आणि दिवसेंदिवस गोल होत चालली होती.

प्रजा भुकेली आहे अशी बातमी दरबारात पोचली, तेव्हा हणगोजी तरसानं मोहाच्या झाडाखाली सभा भरवली. माकडांना आधीच फांद्यांवर बसवलं होतं. भिवरा पिल्लांना घेऊन मागे उभी राहिली. तिचा धाकटा भाऊ नागू मात्र पुढे घुसला. नागूला स्वतःचं बीळ नव्हतं. दरडीत जागा उरली नव्हती आणि तो बहिणीच्या पुढच्या दाराशी अंग चोरून झोपायचा. बीळ नाही म्हणून त्याला मुलगीही कोणी देत नव्हतं.

"बंधूंनो आणि भगिनींनो," तरस म्हणाला. तरसांचं तोंडच हसरं असतं, त्याला ते काही करू शकत नाहीत. "कित्येक पिढ्या तुम्ही बिळात राहता. त्यात झोपता, पिल्लं वाढवता. पण मी विचारतो, याच्यापलीकडे तुमच्या बिळानं राज्यासाठी काय केलं?"

प्रजेनं एकमेकांकडे पाहिलं. कोणाच्याच बिळानं काही केलेलं नव्हतं. भिवरालाही जरा ओशाळल्यासारखं झालं.

"आजपासून तुमचं बीळ कामाला लागेल. महाराजांनी अभय तारण योजना आणली आहे. बीळ सरकारकडे तारण ठेवा आणि कोठारातून कंद घेऊन जा. ज्यांना बीळ नाही त्यांनी मन छोटं करू नये. पलीकडचा माळ वसाहतीसाठी मोकळा केला आहे. तिथे जा, वसा. जे बीळ अजून खणलेलं नाही तेही आम्ही तारण घेऊ. इतका विश्वास आजवर कोणी तुमच्यावर दाखवला होता का?"

माळ मोकळा होता हे खरं. तिथे झाड नव्हतं, झुडूप नव्हतं, आडोशाला एक दगड नव्हता. राजाच्या कड्यावरून पाहिलं तर माळावरचा ससाही नीट दिसायचा.

धोंडबा खवल्या नावाचा एक म्हातारा होता. खवले मांजराची जात ती, कोणी मोठ्यानं बोललं तरी अंगाचा गोळा करून बसणारी. त्या दिवशी मात्र त्यानं अर्धं तोंड बाहेर काढून विचारलं, "साहेब, कोठारातले कंद आमचेच ना?"

"गेल्या हंगामापर्यंत तुमचेच होते," तरस प्रेमानं म्हणाला. "पण ते तुमच्याजवळ राहिले असते तर काय केलं असतं तुम्ही? खाऊन टाकले असते. सरकारनं जपले, म्हणून आज ते तुम्हाला कर्जाऊ मिळताहेत."

हे सगळ्यांना पटलं. धोंडबानं पुन्हा गोळा केला. फांद्यांवरून माकडं ओरडली, "बीळ तिथे शिक्का, भरवसा पक्का!"

घरी येताना नागूचे पाय जमिनीवर नव्हते. "अक्का, मी माळावर जातो," तो म्हणाला. "चार दिवसांत बीळ खणीन. माझ्या नावाचं. बी म्हणून कंद मिळतील ते लावीन, पुढच्या हंगामाला फेडून मोकळा. फक्त एक आहे. नुसत्या माळावर देत नाहीत. जामीन म्हणून कोणाचं तरी खणलेलं बीळ लागतं."

कोंडाजी म्हणाला, "अगं, तुझा पाठचा भाऊ आहे. आणि आपल्याही घरात कंद नाहीत. बीळ कुठे उचलून नेणार आहेत का ते?"

बीळ उचलून नेता येत नाही हे भिवरालाही माहीत होतं. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बीळ बघायला तलाठी आला. हा उदमांजर होता, आडनाव गंधे. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणायचे. भाऊसाहेबांनी डोळे मिटून बीळ पुढून हुंगलं, आतून हुंगलं, पिल्लांची झोपायची जागा हुंगली. "दोन पिढ्यांचा घाम आहे," ते म्हणाले. "चांगली मालमत्ता आहे." मग ते मागच्या तोंडाशी आले आणि त्यांच्या मिशा थरथरल्या.

"हे काय?"

"मागचं दार आहे, भाऊसाहेब."

"बुजवावं लागेल. एका मालमत्तेला एकच तोंड. दोन तोंडं असली तर शिक्का कुठे मारायचा? आणि कर्जदार मागून निघून गेला तर पुढच्या शिक्क्याला अर्थ काय राहिला?"

"ते पळायला ठेवलंय," भिवरा म्हणाली.

"कोणापासून?"

भिवरानं इकडेतिकडे पाहिलं. सरकारी माणसापुढे ते नाव कसं घ्यायचं? "असंच. कोणी आलं तर."

"ताई, आता सरकारच तुमच्या दारात येऊन उभं राहणार," भाऊसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "मग कोण यायचं राहिलं?"

भिवरानं त्याच पंजांनी, ज्यांनी ते तोंड खणलं होतं, ते बुजवलं. माती ढकलताना तिला फार वाईट वाटलं. पण कोंडाजीला भूक लागली होती, यमी रडत होती आणि नागू दारात उभा राहून आपल्या होणाऱ्या बिळाची लांबी-रुंदी सांगत होता.

मग शिक्का मारायचा दिवस आला. कागद नव्हता, शाई नव्हती. शिक्का वासाचाच असणार. नियम असा होता, की शिक्क्याच्या वेळी घरातल्या सगळ्यांनी लहानथोरांसह बिळाबाहेर एका रांगेत उभं राहायचं. कर्जदार कोण, ते महाराजांना दिसायला हवं. भिवराचं कुटुंब रांगेत उभं राहिलं. काटे उभे करायचे नाहीत अशी सूचना होती, तरी ते आपोआप उभे राहत होते आणि कोंडाजीचे तर खडखडा वाजत होते.

महाराज आले. बिळाकडे पाठ केली. शेपूट उचललं. विकास झाला.

महाराजांनी जाताना रांगेवरून एकदा सावकाश नजर फिरवली. सदूकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "गोड आहे," म्हणाले. कोंडाजीला इतका अभिमान वाटला, की पुढे कित्येक दिवस तो ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता.

कर्जाचे कंद मिळाले ते मात्र निम्मे कुजके होते. चांगले कंद कोठाराच्या रक्षणात खर्च झाल्याचं एका डुकरानं ढेकर देत सांगितलं. उरले त्यातले भिवरानं थोडे घरी ठेवले आणि बाकीचे नागूबरोबर माळावर दिले.

त्या दिवशी दुपारी घरात कोणालाच झोप लागली नाही. पुढे राजाचा वास, मागे नवी माती. पिल्लं रडत होती, नाकं भिवराच्या पोटात खुपसत होती. वास आला की आत पळायचं, एवढं त्यांना येत होतं. पण आत तर ती होतीच. सदूनं विचारलं, "आई, आता कुठे पळायचं?" भिवरानं त्याला थोपटलं. दुसरं काय करणार?

पण कसं असतं बघा, सवय फार दयाळू असते. आठवडाभरात पिल्लांचं रडणं कमी झालं. महिन्याभरात त्यांना झोप लागायला लागली. आणि शिक्क्याचे फायदेही दिसायला लागले. कोल्हे दारासमोरून जाताना मान खाली घालून जाऊ लागले. मुंगसं उगाच डोकावायची ती थांबली. एरवी भिवराला कोण ओळखत होतं? आता ओढ्यावर पाणी प्यायला गेली की हरणी बाजूला सरकून म्हणायच्या, "या वहिनी, तुमचं शिक्क्याचं बीळ ना?" भिवराला ते आवडत होतं. खोटं कशाला सांगा, चांगलंच आवडत होतं.

मग शिक्का नसणं ही लाजेची गोष्ट झाली. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे मुलगी बघायच्या आधी दार हुंगायला लागले. धोंडबा खवल्यानं शिक्का घेतला नाही, तर त्याच्याशी कोणी बोलेना. पोरं त्याच्या बिळासमोरून जाताना नाक उडवून म्हणायची, "इथे तर नुसत्या धोंडबाचाच वास येतो." ज्यांना कंद नको होते तेही शिक्क्यासाठी कर्ज काढू लागले. चितळांना तर बीळच नसतं, पण त्यांनी आपली बसायची जागा तारण ठेवली. वटवाघळांनी फांदी ठेवली. एका कासवानं पाठ ठेवली आणि भाऊसाहेबांनी ती हुंगून मंजूर केली.

आता एवढे शिक्के मारायचे म्हणजे महाराजांच्या प्रकृतीवर ताण आला. ते रात्रंदिवस पाणी पीत होते. मोठा डोह राजकार्यासाठी राखीव झाला. प्रजेनं चिखल चोखावा अशी नम्र विनंती करण्यात आली. तरी पुरेना, तेव्हा राजपुत्रांना अधिकार दिले, मग राजाच्या मेव्हण्यांना दिले. शेवटी हणगोजी तरसानं ठेका काढला. माकडं भोपळ्यांत शिक्का भरून, त्यात ओढ्याचं पाणी मिसळून घरोघरी शिंपडू लागली. शिक्का पातळ झाला, पण पोचला सगळीकडे. झाडांच्या बुंध्यांवर, वाटांवर, पाणवठ्यावर, नुकत्याच जन्मलेल्या पाडसांच्या पाठीवर. दर अमावस्येला नूतनीकरण असायचं आणि त्यासाठी प्रत्येक घरानं रांगेत उभं राहायचं, हा नियम मात्र कायम राहिला. कधी नूतनीकरणाला माकडं यायची, कधी महाराज स्वतः यायचे. महाराज आले की रांग थोडी आखूड व्हायची.

मध्येच निवडणूक लागली. महाराजांच्या विरोधात त्यांचे चुलतभाऊ रणजयसिंह उभे राहिले. त्यांची आयाळ डावीकडे वळायची आणि महाराजांची उजवीकडे, असा मूलभूत मतभेद होता. रणजयसिंह म्हणत, "हा शिक्का भेसळीचा आहे. आमचं सरकार आलं तर प्रत्येक बिळाला अस्सल शिक्का, आणि तोही दोनदा." चुरस वाढली. जंगलात भांडणं झाली. मोहाखाली रोज रात्री पातळ शिक्का आणि दाट शिक्का यावर वाद चाले आणि कोंडाजी तिथून पहाटे घसा बसवून घरी यायचा.

या सगळ्यात चितळांचा कळप कमी होत चालला होता. ससे कमी झाले. माळावर गेलेल्या वसाहतदारांची वर्दळ कमी झाली. पूर्वी वास आला की कळपातलं एक तरी जनावर ओरडायचं आणि सगळे उधळायचे. आता वास तर सगळीकडेच होता, मग कोण ओरडणार? खजिनदारानं याचा अहवाल सभेत मांडला. "पूर्वी महाराजांचा नुसता वास आला तरी प्रजा पळायची," तो म्हणाला. "आज महाराज कळपात जाऊन उभे राहिले तरी कोणी हलत नाही. राजा आणि प्रजा यांच्यात इतकी जवळीक कोणत्या राज्यात आहे, ते दाखवा." चितळं कमी झाल्याचं कोणीतरी विचारलं. ती स्थलांतरित झाली आहेत, असं उत्तर मिळालं. कुठे, ते कोणी विचारलं नाही.

नागू नूतनीकरणाच्या आधी बहिणीकडे येऊन जायचा. एका अमावस्येला आला नाही. भिवरानं कणगराच्या कंदाचा एक जाड तुकडा तोंडात धरला आणि संध्याकाळी माळावर गेली. नागूनं बीळ खरोखर चांगलं खणलं होतं. तोंड गोल होतं आणि वरती पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीची पाळ घातली होती. दारावर शिक्का होता, अस्सल, दाट, पाणी न मिसळलेला. आणि दारासमोर काटे पडले होते. दोनचार नाहीत, साळिंदर रागानं अंग झाडतं तेव्हा पडतात तसेही नाहीत. मुठीमुठींनी पडले होते, आणि काहींच्या बुडाला कातडी होती. ते सगळे दाराच्या बाहेर होते. महाराज आले तेव्हा नागू रांगेत उभा होता. एकटाच होता, तरी रांगेत उभा राहिला होता.

भिवरानं कणगर तिथेच ठेवलं. ती रडली. माळावर तिला आडोसा नव्हता, आणि असायला हवा होता हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

तिथून ती थेट भाऊसाहेबांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "शिक्का शाबूत आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"कर्जदार जागेवर नाही?"

"नाही."

"म्हणजे फरार."

"भाऊसाहेब, त्याचे काटे पडलेत तिथे."

"सामान टाकून पळाला," भाऊसाहेब म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. त्यांना वाईट वाटत होतं; ते काही दुष्ट नव्हते, त्यांनाही घरी पिल्लं होती. "ताई, जामीन तुमचा आहे. वसुली तुमच्या बिळावर निघणार. महाराज जातीनं येणार आहेत. घरातल्या सगळ्यांना रांगेत उभं ठेवा, म्हणजे लवकर आटपेल."

भिवरा घरी आली आणि मागची माती उकरायला लागली.

"अगं, काय करतेस?" कोंडाजी म्हणाला. "ती सरकारी अट आहे."

"तुम्ही अट धरून पुढे बसा. मी खणते."

ती रात्रभर खणत होती. पहाटे तिनं पिल्लांना जवळ घेतलं आणि जे त्यांना डोळे उघडायच्या आधी शिकवलं होतं, ते पुन्हा शिकवायला बसली. "हा वास आला की काय करायचं?"

"दारात जाऊन रांगेत उभं राहायचं," यमी म्हणाली.

"नाही गं. पळायचं. हा वास कसला आहे, सांग बघू?"

यमीनं हुंगलं. तिला प्रश्नच कळेना. "घराचा," ती म्हणाली.

आपणच रोज दुपारी थोपटून थोपटून हे शिकवलं, हे भिवराला त्या क्षणी कळलं.

महाराज आले ते ऐन दुपारी, साळिंदरं गाढ झोपतात त्या वेळी. वासावरून कोणाला काही कळायचा प्रश्नच नव्हता. भिवरा जागी होती म्हणून तिला एवढंच जाणवलं, की पुढच्या तोंडातून येणारा उजेड कमी झाला. ती उठली तोवर सदू आणि यमी डोळे चोळत दाराकडे निघालीही होती. सदू पुढे, यमी मागे, अगदी सरळ रांगेत.

भिवरानं दोघांना मागे लोटलं. "अहो, घ्या यांना," ती कोंडाजीला म्हणाली, "आणि तुम्हाला ती वाट माहीत आहे." कोंडाजीला ती वाट खरोखरच चांगली माहीत होती. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या वाटेनं दोन पिल्लं पुढे घालून गेला. पिल्लं मागे वळून वळून पाहत होती आणि नूतनीकरण चुकलं म्हणून रडत होती.

भिवरानं पाठ फिरवली, अंगावरचा प्रत्येक काटा उभा केला आणि उलटी, मागच्या मागे, होता नव्हता तेवढा जोर लावून पुढच्या तोंडाबाहेर घुसली. साळिंदर असंच लढतं. महाराजांना प्रजेची पाठच पाहायची सवय होती, पण ती लांब जाणारी. जवळ येणारी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी जी गर्जना केली ती माळापर्यंत ऐकू गेली, आणि भिवरा निम्मे काटे त्यांच्या नाकात ठेवून मागच्या तोंडानं करवंदीच्या जाळीत शिरली. अंगभर रक्त होतं, पण पिल्लं जिवंत होती. तिला तेवढंच हवं होतं.

आता तुम्हाला वाटेल, राजाच्या नाकात काटे घुसले म्हणजे राज्य हादरलं असेल. तसं काही झालं नाही. हणगोजी तरसानं महाराजांचं सुजलेलं नाक मोहाखाली सर्वांना दाखवलं. एका कर्जबुडव्या साळिंदरानं, बेकायदा दुसरं तोंड खणून, सरकारवर भ्याड हल्ला केला, असं सांगितलं. हरणी रडल्या. माकडांनी नवी घोषणा तयार केली, "नाक राजाचं, दुखणं आमचं!" महाराज प्रचंड मतांनी निवडून आले. भिवराचं बीळ जप्त होऊन रानडुकरांना मिळालं. ती आत मावली नाहीत, म्हणून त्यांनी ते पाडलं आणि मोठं बीळ बांधण्यासाठी कर्ज घेतलं. ते पुढे माफ झालं.

भिवराचं कुटुंब नदी पार करून पलीकडच्या रानात गेलं. नदीच्या काठापर्यंत धोंडबा खवल्या पोचवायला आला होता. "तू पण चल, धोंडबा," भिवरा म्हणाली. तो म्हणाला, "माझ्या दाराला अजून माझाच वास आहे, वहिनी. तो सोडून कुठे येऊ?" आणि अंगाचा गोळा करून बसला.

पलीकडच्या रानात राजा नव्हता, कोठार नव्हतं, शिक्का नव्हता. मागासलेलंच होतं म्हणायचं. जो तो आपले कंद आपणच खायचा. भिवरानं उंबराच्या मुळाशी नवं बीळ खणलं आणि त्याला दोन तोंडं ठेवली. तिला वाटलं, आता पोरं निवांत झोपतील. पण सदू आणि यमी दुपारभर कुशी बदलत राहायची. "आई, इथे कसलाच वास येत नाही," यमी म्हणायची. "भीती वाटते." भिवरा त्यांना थोपटायची. पोरं वाढली, अंगानं भरली, त्यांचे काटे वाजायला लागले. झोप मात्र त्यांना कधी नीट लागली नाही.

असे काही पावसाळे गेले. नदीपलीकडच्या राज्याची कीर्ती इकडे पोचत होती. तिथे म्हणे प्रत्येक दाराला शिक्का आहे आणि कोणी कोणाला भीत नाही. मग इकडच्या तरुणांनाही वाटू लागलं, की आपल्यालाही राजा असावा. निवडणूक ठरली. एक उमेदवार अस्वल होता, उंबरांची राखण करणारा, बोलताना अडखळणारा. दुसरा दुर्जयसिंह महाराजांचा पुतण्या होता. तो नुकताच पोहून आला होता आणि आपण केवळ सेवेसाठी आलो आहोत, असं त्यानं ओला असतानाच जाहीर केलं होतं.

मतदानाच्या दिवशी भिवराला गुडघ्यांनी जाऊ दिलं नाही. सदू आणि यमी पहाटेच गेली. परत आली ती हसतखेळत, आणि कित्येक वर्षांनी प्रथमच त्यांच्या डोळ्यांवर झापड होती. पडल्या पडल्या त्यांना झोप येऊ लागली.

"कोणाला दिलंत मत?" भिवरानं विचारलं.

यमीनं कूस बदलली आणि जांभई दिली. "आपल्यातलाच वाटला गं तो," ती म्हणाली. "त्याला घरासारखा वास येत होता."